आईंनी ते पुस्तक शंभराव्या पानावर का ठेवलं असेल?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो बरोबर समजलाय का ते तुम्हालाही कळेल. आई चौऱ्याहत्तर वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका, नाशिकला एकट्या राहतात. आयुष्यभर रहस्यकथा वाचत आल्या, झुंजार आणि काळा पहाडपासून ते इंग्रजीपर्यंत. दिवाळीत तुम्ही घरी गेलात तेव्हा दोघांनी मिळून 'द थर्सडे मर्डर क्लब' हा सिनेमा पाहिला, निवृत्तांच्या वसाहतीतले चार म्हातारे खुनांचा छडा लावतात तो. त्या हसल्या, म्हणून बंगळुरूला परतल्यावर तुम्ही रिचर्ड ऑस्मनची मूळ पुस्तकं मागवून त्यांना पाठवलीत. पहिलं पुस्तक शंभरेक पानं वाचून त्यांनी उलटं ठेवलं. का, तर "नावं फार आहेत रे, आणि ते म्हातारे नुसते बोलत बसतात." आता तुम्ही विचारताय की पुढची पुस्तकं जास्त वेगवान आहेत का, मधलंच एखादं आधी दिलं तर चालेल का, की ही मालिका सोडून दुसऱ्या कुठल्या म्हाताऱ्या गुप्तहेराकडे वळावं.

मी डोंबिवलीतल्या एका लहान वाचनालयात सव्वीस वर्षं ग्रंथपाल होते. निवृत्त झाल्यावरही दर बुधवारी दुपारी चारला तिथेच ज्येष्ठांचा वाचनकट्टा चालवते. दहा-बारा जण येतात, सर्वात लहान बासष्टच्या, सर्वात मोठे अठ्ठ्याऐंशीचे. त्यामुळे म्हाताऱ्या माणसांनी म्हाताऱ्या गुप्तहेरांबद्दल वाचणं हा प्रकार मी बराच जवळून पाहिलाय.

तुमच्या प्रश्नांची सरळ उत्तरं आधी देऊन टाकते. पुढची पुस्तकं वेगवान होत नाहीत. दुसऱ्यात हिरे आहेत, माफिया आहे, धावपळ थोडी जास्त आहे, पण गप्पा तेवढ्याच. मधलं पुस्तक आधी देऊ नका. या मालिकेत माणसांची आयुष्यं एका पुस्तकातून पुढच्या पुस्तकात वाहत जातात, आणि चौथं आधी वाचलं तर पहिल्या तिन्हींतली हुरहूर फुकट जाते. क्रम असा आहे: 'द थर्सडे मर्डर क्लब' २०२०चं, 'द मॅन हू डाइड ट्वाइस' २०२१चं, 'द बुलेट दॅट मिस्ड' २०२२चं, 'द लास्ट डेव्हिल टु डाय' २०२३चं आणि 'द इम्पॉसिबल फॉर्च्युन' २०२५चं. मधल्या २०२४ साली आलेलं 'वी सॉल्व्ह मर्डर्स' ऑस्मनचंच, पण ती वेगळी मालिका आहे, त्यात ही मंडळी नाहीत. तुमच्या संचात ते असेल तर बाजूला ठेवा.

पण मला अडखळायला झालं ते दुसऱ्याच गोष्टीमुळे. तुम्ही ओघात दोन वाक्यं लिहिली आहेत. एक, "बाबांना शेवटची चार वर्षं काही आठवत नव्हतं, सगळं आईनेच केलं." दुसरं, "सिनेमा चालू असताना आई मध्येच चहा करायला उठली, म्हणून मधला भाग मी तिला नंतर समजावून सांगितला."

रहस्यकथा वाचणाऱ्या माणसाला ही दोन वाक्यं शेजारी ठेवल्याशिवाय राहवत नाही.

सिनेमात जोनाथन प्राइसनी केलेला स्टीफन आठवतोय? क्लबातल्या चौघांपैकी एलिझाबेथचा नवरा. बुद्धिमान, बोलका, देखणा, आणि हळूहळू हातातून निसटत चाललेला. पुस्तकात तो सिनेमापेक्षा कितीतरी जास्त जवळून येतो. कधी अगदी पूर्वीसारखा, बांधकामावरच्या बोगदानशी बुद्धिबळ खेळताना तर समोरच्याला संशयही येऊ नये असा. आणि कधी पाच मिनिटांपूर्वीचं विसरलेला. एलिझाबेथ जुनी गुप्तहेर आहे, सगळ्या जगाला धाकात ठेवते, पण घराचं दार लावून घेतलं की ती नवऱ्याची लबाडी, स्वतःची लबाडी आणि त्या दोघांनी मिळून चालवलेलं नाटक सांभाळत असते. बाहेर कुणाला फारसं कळू देत नाही. पहिल्याच पुस्तकात सुरुवातीच्या भागात एक लहानशी गोष्ट आहे. एलिझाबेथ डायरीत दोन आठवडे पुढच्या तारखेच्या पानावर स्वतःसाठीच एक प्रश्न लिहून ठेवते, आणि तो दिवस आला की उत्तर आठवतंय का ते पाहते. आपलीही पाटी पुसली जायला लागली नाही ना, याची ती खात्री करून घेत असते.

ज्या बाईंनी चार वर्षं असा माणूस सांभाळला, तिने ते पान वाचून पुस्तक उलटं ठेवलं आणि मुलाला "नावं फार आहेत" असं सांगितलं, तर मला नवल वाटणार नाही. कदाचित माझं चुकतही असेल. कदाचित त्यांना खरंच चहाची तलफ आली असेल आणि नावं खरंच फार असतील (आहेतच, त्यावर पुढे येते). पण वेग कमी म्हणून पुस्तक सुटलं, असं धरून तुम्ही त्यांना दुसरं पुस्तक पाठवणार असाल, तर आधी हा संशयित तपासून बघा.

हे मी अधिकाराने सांगत नाहीये, चूक करून शिकल्ये म्हणून सांगतेय. आमच्या कट्ट्यावरच्या एका बाईंना मी ही मालिका ओळीने दिली होती. तिसरं संपलं, चौथं मोठ्या उत्साहाने हातात ठेवलं आणि एक अक्षर सावध केलं नाही. चौथ्यात स्टीफनची गोष्ट कुठे जाते ते इथे सांगत नाही, पण ती जाते. बाईंचे यजमान तेव्हा त्याच वाटेवर होते, हे मला माहीत होतं. आणि तरी 'मजेदार म्हातारे' एवढंच डोक्यात ठेवून मी पुस्तक दिलं. त्यांनी ते चार दिवसांत परत केलं, काही बोलल्या नाहीत, आणि दोन महिने बुधवारी आल्या नाहीत. नंतर आल्या तेव्हा म्हणाल्या, पुस्तक चांगलं होतं, पण सांगायचं होतंत. एवढंच.

तेव्हापासून मी या प्रकारच्या पुस्तकांबद्दल वेगळा विचार करायला लागले. इंग्रजीत यांना 'कोझी' म्हणतात. आपल्याकडे जुन्या घरांतून चहाच्या किटलीवर भरतकाम केलेली टीकोझी असायची ना, तोच शब्द, तीच ऊब. ठराविक संकेत असतात. खून पडद्याआड होतो. रक्त, छळ, शिव्या फारशा नसतात. शोधणारा हौशी असतो, पोलीस नसतो. गाव किंवा वसाहत छोटी असते, सगळे एकमेकांना ओळखतात, आणि शेवटी घडी नीट बसते. हे सगळं ऑस्मनच्या पुस्तकांत आहे. पण ही ऊब फक्त खुनाला आहे. म्हातारपणाला नाही. म्हातारपण तिथे उघडं आहे. पेनी, जिच्या जुन्या पोलिसी फायलींवरून हा क्लब सुरू झाला, ती शेजारच्या शुश्रूषागृहात बेशुद्ध पडून आहे, आणि एलिझाबेथ तिच्या उशाशी बसून तिला तपासाची हकीकत सांगते. ती ऐकतेय की नाही कुणाला माहीत नाही. दुसऱ्या पुस्तकात क्लबातल्या इब्राहिमला रस्त्यात पोरं फोनसाठी मारतात. तो बरा होतो, पण त्याला बाहेर पडायची भीती बसते आणि ती जाता जात नाही. एखाद्या काळ्याकुट्ट पोलिसी कादंबरीत दहा प्रेतं पडतील, पण मार खाल्लेल्या म्हाताऱ्या माणसाला दारापर्यंत जायला किती दिवस लागतात याकडे तिथे कोण बघणार?

म्हणून मी आता देण्याआधी दोन वाक्यं सांगते. यात खून हलका आहे, दुखणं खरं आहे. मग ज्याला घ्यायचं तो घेतो. आणि गंमत म्हणजे बहुतेक जण घेतात.

आता "ते म्हातारे नुसते बोलत बसतात" याबद्दल. ही तक्रार कट्ट्यावर पहिल्यांदा आली तेव्हा पोस्टातून निवृत्त झालेल्या आमच्या एका काकांनी छान उत्तर दिलं. त्याआधी पुस्तकाची सुरुवात सांगते. जॉयस, निवृत्त नर्स, डायरी लिहितेय. एलिझाबेथने तिला पहिल्यांदा गाठलं तो दिवस सोमवारच असणार, कारण जेवायला शेपर्ड्स पाय होता. आणि जॉयस ते खात असताना एलिझाबेथ तिला विचारते, जेवताना चालणार असेल तर सुरीच्या जखमेबद्दल एक शंका होती. काका म्हणाले, "आमची ही नाही का सांगत, त्या दिवशी संकष्टी होती, कारण मी साबुदाणा भिजवला होता! कोर्टात साक्ष अशीच उभी राहते." अगदी बरोबर. जॉयसची बडबड हीच पंचनाम्याची वही आहे. केक, कुत्रा, मुलगी जोआनाचा फोन, कोण कोणाशेजारी बसलं, असं सगळं ती लिहीत जाते, आणि आपण हसत हसत पुढे जातो तोवर कामाची गोष्ट त्यातच सांगून झालेली असते. चौघांमध्ये सर्वात भोळी वाटते, आणि माझ्या मते सर्वात धारदार तीच आहे.

बाकीचे तिघेही आयुष्यभराचा धंदा बरोबर घेऊन आलेले. एलिझाबेथ गुप्तहेर खात्यातली, रॉन कामगार पुढारी, इब्राहिम मानसोपचारतज्ज्ञ. केंटमधल्या कूपर्स चेस नावाच्या निवृत्तांच्या वसाहतीत दर गुरुवारी जिगसॉ रूममध्ये जमतात. खोली आरक्षित केलेली असते 'जपानी ऑपेरा' या नावाखाली, म्हणजे कुणी डोकावणार नाही. पासष्टच्या आत तिथे घर मिळत नाही, आणि घरपोच सामानाच्या गाड्या येतात त्या दारूच्या बाटल्या आणि औषधं खुळखुळवत. आधी ते मठाचं आवार होतं, तिथल्या नन्सची दफनभूमी अजून आहे, आणि मालकाला ती खणून आणखी इमारती बांधायच्या आहेत. पुनर्विकास म्हटल्यावर काय होतं ते आपल्याकडे वेगळं सांगायला नको. कट्ट्यावर त्या भागावर जेवढी चर्चा झाली तेवढी खुनावर झाली नाही.

कोडं म्हणून विचाराल तर ऑस्मन मला मध्यम वाटतो. धागे फार सोडतो, आणि अडलं की एलिझाबेथचा कुणीतरी जुना ओळखीचा फोनवर हजर होतो. लेखक टीव्हीतून आलेला आहे, वर्षानुवर्षं प्रश्नमंजूषेचे कार्यक्रम केलेले, त्यामुळे प्रकरणं छोटी आणि प्रत्येकाच्या शेवटी टाळीचं वाक्य. काहींना ते आवडतं, मला सलग वाचताना दमायला होतं. पण चार वृद्धांची मैत्री लिहिणारा म्हणून मी त्याला पैकीच्या पैकी देईन. चौथ्या पुस्तकात ज्याच्या खुनाचा शोध लागतो तो ब्रायटनमधला जुन्या वस्तूंचा व्यापारी कुलदेश शर्मा आहे, स्टीफनचा जुना मित्र. भारतीय माणूस पुस्तकात आला की तो काहीतरी 'भारतीय' करतो हा रोग इंग्रजी पुस्तकांना असतो. इथे तो फक्त मित्र आहे, आणि त्यामुळे त्याचं जाणं लागतं.

आता दुसरा रस्ता. आईंना आत्ता स्टीफन नको असेल, तर त्यांना मिस मार्पलकडे न्या.

अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल पहिल्यांदा आली ती १९२७च्या डिसेंबरात, 'द ट्यूजडे नाइट क्लब' या कथेत. ऑस्मनचा गुरुवार कुठून आला असेल याचा अंदाज बांधायला हरकत नाही. त्या कथेत मार्पलबाईंच्या घरी मंडळी जमलीत आणि दर मंगळवारी एकेकाने एक न सुटलेलं कोडं सांगायचं असं ठरतंय. स्कॉटलंड यार्डचे माजी आयुक्त आहेत, वकील आहेत, पाद्री आहेत, चित्रकार मुलगी आहे, लेखक भाचा रेमंड वेस्ट आहे. आपण किती जण आहोत ते मोजलं जातं, पाच भरतात. मग मोठ्या खुर्चीत विणत बसलेल्या मार्पलबाई हसून म्हणतात, मला विसरलात. घर त्यांचं, आणि मोजणीत त्याच नाहीत. वृद्ध गुप्तहेरांच्या पुढच्या शंभर वर्षांच्या सगळ्या पुस्तकांची किल्ली त्या एका जागी आहे. आपल्या रहस्यकथांतल्या नायकाला वेषांतर करावं लागे, मिशा चिकटवाव्या लागत. मार्पलबाईंना त्याची गरजच नाही. पांढरे केस आणि लोकर दिसली की लोक त्यांच्यासमोर वाटेल ते बोलतात.

या बाईचा जन्म कसा झाला त्याची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. १९२६च्या 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड'मध्ये डॉक्टरची एक अविवाहित, प्रौढ, भोचक बहीण आहे, कॅरोलाइन. घराबाहेर न पडता तिला गावातलं सगळं कळतं. ख्रिस्तीला ती फार आवडायची. १९२८मध्ये त्या कादंबरीवर 'अ‍ॅलिबी' नावाचं नाटक आलं आणि नाटककाराने कॅरोलाइनला काढून तिच्या जागी एक तरुण मुलगी आणली. ख्रिस्तीला ते चांगलंच लागलं. आपल्या आत्मचरित्रात तिने लिहिलंय की मिस मार्पलचा जन्म बहुधा तेव्हाच झाला असावा (तारखा बघितल्या तर पहिली मार्पलकथा नाटकाच्या आधी छापून आली होती, पण आठवण तिची आहे). प्रेक्षकांना म्हातारी कशाला बघायला आवडेल, असं कुणालातरी वाटलं, आणि मार्पलबाईंच्या मात्र बारा कादंबऱ्या आणि वीस कथा आल्या.

मराठीत आपण हे फारसं केलं नाही, याची मला खंत आहे. आपले गुप्तहेर एक तर बलदंड तरुण, नाहीतर फास्टर फेणेसारखा शाळकरी मुलगा. रहस्यकथेत म्हातारा माणूस आला की त्याचं काम एकच: मृत्युपत्र करायचं आणि दुसऱ्या प्रकरणात मरायचं.

मार्पलबाईंची पद्धत आईंना पहिल्या दहा पानांत ओळखीची वाटेल, कारण ती शिक्षिकेची पद्धत आहे. संशयित दिसला की त्यांना गावातलं कुणीतरी आठवतं. हा अमक्या मासेवाल्याच्या पोरासारखा बोलतोय, ही त्या मोलकरणीसारखी नको तेवढं सांगतेय. सेंट मेरी मीड या आपल्या खेड्यात साठ-सत्तर वर्षं माणसं बघितली की जगातली सगळी माणसं बघून होतात, एवढाच त्यांचा सिद्धांत. पस्तीस-चाळीस वर्षं वर्ग घेतलेल्या बाईंना हे सांगावं लागत नाही. मागच्या बाकावरचा कोणता पोरगा खोटं बोलताना कान खाजवतो, ते त्यांना माहीत असतं.

पहिल्यांदा 'द थर्टीन प्रॉब्लेम्स' द्या, १९३२चा कथासंग्रह. तेरा कथा, एकेक कथा एका बैठकीत संपते, आणि नावं लक्षात ठेवायचं ओझं नाही. त्यांना गोडी लागली की 'अ मर्डर इज अनाउन्स्ड', १९५०. गावच्या साप्ताहिकात जाहिरात येते की शुक्रवारी, २९ ऑक्टोबरला, संध्याकाळी साडेसहाला 'लिटल पॅडॉक्स' या घरी खून होणार आहे, मित्रमंडळींनी यावं. गाव खेळ समजून नटूनथटून येतं. गंमत एवढ्यावर थांबत नाही. महायुद्ध संपलेलं आहे, रेशन चालू आहे, जुनी घरं विकली गेलीत आणि शेजारी कोण राहायला आलंय ते कुणालाच पक्कं माहीत नाही. पूर्वी नवा माणूस ओळखीची चिठ्ठी घेऊन यायचा, आता तो स्वतःबद्दल जे सांगेल ते खरं मानायचं. वाडा पाडून सात मजली इमारत झाली आणि लिफ्टमधल्या माणसाला आपण नुसतं हसतो, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना या पुस्तकाची नस लगेच सापडते.

आणि मग १९६२चं 'द मिरर क्रॅक्ड फ्रॉम साइड टु साइड'. माझं सर्वात लाडकं. इथे मार्पलबाई खरोखर म्हाताऱ्या झाल्यात. डॉक्टरांनी बागकाम बंद केलंय. विणताना टाके सुटतात. भाच्याने काळजीपोटी सोबतीला मिस नाइट नावाची बाई ठेवलीय, जी त्यांच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलते. मार्पलबाई तिला दूरदूरच्या दुकानांची भलीमोठी यादी देऊन बाहेर पाठवतात आणि मागच्या मागे स्वतः घरातून सटकतात, नवी वसाहत बघायला. डॉक्टर तर चक्क सांगतात की तुम्हाला औषध नको, एखादा छान खून हवाय.

इथे जरा खोडी काढते, राग मानू नका. रेमंड वेस्ट हा भाचा मोठा गुणी आहे. लांब राहतो, पैसे पाठवतो, सोबतीला माणूस ठेवतो, पुढे 'अ कॅरिबियन मिस्ट्री'त तिच्या हवापालटाचा खर्चही करतो. आणि ठामपणे समजतो की आपल्या भोळ्या मावशीला जगाची माहिती नाही. आईंनी सिनेमातला कुठला भाग बघितला नाही तो तुम्ही त्यांना समजावून सांगितलात, हे वाचून मला रेमंड आठवला.

मार्पलचा क्रम पाळायची सक्ती नाही. 'स्लीपिंग मर्डर' हे तिचं शेवटचं प्रकाशित पुस्तक, १९७६मध्ये, ख्रिस्तीच्या मृत्यूनंतर आलं, पण लिहून झालं होतं १९४०च्या दशकात. त्यामुळे त्यात बाई आधीच्यापेक्षा तरतरीत दिसतात. फक्त १९६२चं ते पुस्तक आधीची दोन-तीन वाचून झाल्यावर द्या, म्हणजे काय गमावलंय ते कळतं.

नावांचा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो सोडवता येतो. इंग्रजी पुस्तकात एकाच माणसाला कुणी आडनावाने हाक मारतं, कुणी पहिल्या नावाने, आणि आपल्या वाचकाला ते दोघे वाटतात. आम्ही जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीची खूणपट्टी करतो आणि नावापुढे धंदा लिहितो: टोनी, बिल्डर. डॉना, पोलीस, लंडनहून आलेली. बोगदान, पोलंडचा, बांधकामवाला. नातं लिहू नका, ते पुस्तक लपवत असतं. आईंना बारीक छपाईचा त्रास होत असेल तर मोठ्या अक्षरांची आवृत्ती बघा, किंवा ऐकायचं पुस्तक घ्या. ऑस्मनची पहिली दोन लेस्ली मॅनव्हिलने वाचलीत आणि तिची जॉयस ऐकताना मी भाजी दोनदा करपवलीय. पण ऐकताना मागचं पान उलटता येत नाही. धागेदोरे तपासत वाचणाऱ्या माणसाला ते आवडेलच असं नाही.

याशिवाय आणखी काय, असंही तुम्ही विचारलंय. थोडक्यात सांगते. रॉबर्ट थोरोगुडच्या 'द मार्लो मर्डर क्लब'ची जुडिथ सत्त्याहत्तर वर्षांची आहे, वर्तमानपत्रांसाठी शब्दकोडी रचते आणि थेम्समध्ये पोहते. तिथे कोडं ऑस्मनपेक्षा घट्ट आहे आणि दुखणं कमी. जेसी सुटांटोची व्हेरा वाँग साठीची आहे, सॅन फ्रान्सिस्कोत चहाचं दुकान चालवते आणि सगळ्या संशयितांना जेवायला घालते. आईंना ती शेजारची मावशी वाटेल. वसीम खानच्या मालिकेत मुंबई पोलिसांतून लवकर निवृत्त झालेले इन्स्पेक्टर चोप्रा आहेत आणि त्यांना वारशात मिळालेलं हत्तीचं पिल्लू आहे. ते वृद्ध नाहीत, पण निवृत्तीनंतर रिकाम्या हातांचं काय करायचं हा प्रश्न तोच, आणि शहर आपलं. पॅट्रिशिया वेंटवर्थची मिस सिल्व्हरही विणकाम करते, पण माझा जीव तिच्यात रमला नाही.

आता तुम्ही नक्की काय करावं, तर ते आईंवर अवलंबून आहे आणि मी त्यांना ओळखत नाही. काही जणींना त्या चार वर्षांबद्दल कुणी बोलूच नये असं वाटतं. काही जणींना उलट वाटतं, की एवढं केलं आणि त्यावर कुणी एक शब्द विचारला नाही. आमच्या त्या बाईंनी पुढे वर्षभराने चौथं पुस्तक स्वतःहून मागून परत नेलं, या वेळी पूर्ण वाचलं, आणि त्या बुधवारी फक्त एलिझाबेथबद्दल बोलल्या. चाळीस मिनिटं. आम्ही सगळे गप्प बसून ऐकलं.

म्हणून पुस्तकाबद्दल आईंना थेट "स्टीफनमुळे ठेवलंस का?" असं फोनवर विचारू नका. 'द थर्टीन प्रॉब्लेम्स' पाठवून द्या आणि ऑस्मनची पुस्तकं तिथेच राहू द्या, परत मागवू नका. फोनवर विचारायचंच असेल तर हे विचारा, की टोनी करनला कुणी मारलं असेल असं तुला वाटतं? शंभर पानांपर्यंत टोनीचा खून होऊन गेलेला असतो, आणि रहस्यकथांवर पोसलेल्या बाईंनी तोवर कुणावर तरी संशय धरलेला असणारच. त्यांनी नाव सांगितलं तर ते बरोबर की चूक हे तुम्ही सांगू नका.